घोरतो म्हणून गाडी काढून घेऊ नका
(चालकांच्या स्लीप ॲप्निया तपासणीबद्दल गाडीमालक, आगारातले अधिकारी आणि चालकांच्या घरच्यांसाठी)

पहाटेच्या अपघाताची बातमी बहुधा एकाच वाक्यावर संपते: चालकाला डुलकी लागल्याने वाहनावरील ताबा सुटला. डुलकी का लागली, हे पुढे कोणी विचारत नाही. रात्रभर गाडी मारली होती, जागरण झालं होतं, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही चालक सुट्टीच्या दिवशी घरी आठ तास झोपूनही सकाळी थकलेलेच उठतात, आणि दुपारी जेवून स्टेअरिंगवर बसले की त्यांच्या डोळ्यांवर झापड येते. अशांपैकी अनेकांना स्लीप ॲप्निया असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण आजाराचा सगळा खेळ ते झोपेत असताना चालतो. पत्ता असतो तो बायकोला, नाहीतर केबिनमध्ये शेजारी झोपणाऱ्या क्लीनरला.

होतं ते असं. झोप लागली की घशातले स्नायू सैल पडतात. ज्याची मान जाड, घसा मुळात अरुंद, जीभ मोठी किंवा खालचा जबडा आत गेलेला, त्याची श्वासाची वाट अशा वेळी मिटते. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, एक मोठा हुंकार येऊन वाट मोकळी होते आणि माणूस पुन्हा झोपतो. श्वास किमान १० सेकंद थांबणं किंवा फार उथळ होणं तासाला किती वेळा घडतं, यावर तीव्रता ठरते. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी झोपमोड. अशी झोप घेऊन निघालेला माणूस नागपूरहून मुंबईच्या वाटेला लागतो तेव्हा त्याच्यापुढे समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर असतात, बरेचसे सरळ, ना सिग्नल, ना गाव. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळा चारच सेकंद मिटला तरी जवळजवळ ९० मीटर ती कोणीही चालवत नसतं.

हा आजार दुर्मीळ नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी भारतातले आधीचे अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज मांडला, तो कामाच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांचा आहे. पुरुषांत प्रमाण स्त्रियांपेक्षा बरंच जास्त. आता चालकाचं जगणं डोळ्यांसमोर आणा. दिवसभर बैठक, अवेळी ढाब्यावरचं जेवण, वाढतं पोट, तंबाखू, मुक्कामाला कधी एखादा पेग. हा आजार वाढायला लागणारं जवळजवळ सगळं सामान त्यात आहे. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव घेतलं होतं आणि घराघरांत ते पहिल्यांदा ऐकलं गेलं. पुढे महिनाभरात विसरलंही गेलं.

लायसन देताना हे तपासलं जात असेल, असं कोणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. व्यावसायिक वाहनाच्या लायसनसाठी नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं, हातपाय यांची विचारणा होते. घोरण्याची किंवा दिवसा येणाऱ्या झोपेची होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे लायसन ५ वर्षांचं झालं, धोकादायक माल वाहणाऱ्यांचं ३ वर्षांचं. मधल्या काळात चालकाचं वजन पंधरा किलोंनी वाढलं तरी कोणी त्याची मान मोजायला येणार नाही. तेव्हा हे काम मालकाचं, आगाराचं आणि घरच्यांचं.

आधी पगाराचं ठरवा, मग टेप आणा

तपासणी शिबिर घ्यायचं म्हटलं की मालक डॉक्टर शोधायला लागतात, बॅनर छापायला टाकतात. माझ्या मते सुरुवात तिथे नाही. ज्याच्या घरची चहा-साखर ट्रिपवर चालते, तो चालक ‘तुम्ही घोरता का?’ या प्रश्नाला ‘नाही शेठ’ असंच उत्तर देणार. खोटं बोलण्यात त्याचा काही गुन्हा नाही. खरं बोलल्यावर काय होईल, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून पहिला कागद तपासणीचा नको, मालकाच्या शब्दाचा हवा. आजार सापडला तर नोकरी जाणार नाही. झोपेच्या तपासणीची रात्र हजेरीत धरली जाईल, ट्रिप बुडाली तरी भत्ता मिळेल. उपचार बसेपर्यंत दिवसाची, जवळच्या पल्ल्याची गाडी, नाहीतर यार्डातलं काम मिळेल, त्याच पगारावर. उपचार नीट चालू आहेत असं डॉक्टरांनी लिहून दिलं की त्याची लाइन त्याला परत. हे चार मुद्दे मराठीत एका पानावर लिहा, खाली सही करा आणि गाड्या लागतात तिथे भिंतीवर चिकटवा. कामगार संघटना असेल तर तिची सहीही घ्या.

यात मालकाचं नुकसान होईल अशी शंका असेल, तर अमेरिकेतला एक अभ्यास पाहावा. श्नायडर या मोठ्या ट्रक कंपनीच्या चालकांवरचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार निघाला, पण कंपनीने दिलेलं उपचाराचं यंत्र ज्यांनी वापरलंच नाही, त्यांच्या टाळता येण्याजोग्या अपघातांचं प्रमाण आजार नसलेल्या चालकांच्या पाचपट होतं. ज्यांनी यंत्र वापरलं, त्यांचं प्रमाण निरोगी चालकांसारखंच निघालं. म्हणजे आजारी चालक काढून टाकण्यात काही हाशील नाही. वीस वर्षांचा हात बसलेला माणूस जाईल, त्याच्या जागी नवा येईल, आणि त्याचा घसा कसा आहे हेही तुम्हाला माहीत नसेल.

सरकारं या बाबतीत सावकाश चालतात. न्यूयॉर्कमध्ये १ डिसेंबर २०१३ ला मेट्रो-नॉर्थची लोकल वळणावर घसरून चार प्रवासी गेले. मोटरमनला तीव्र स्लीप ॲप्निया असल्याचं अपघातानंतर कळलं. त्या रेल्वेने मग आपल्या मोटरमनची तपासणी केली, तर दर नऊ जणांमागे साधारण एकाला हा आजार निघाला. मार्च २०१६ मध्ये ट्रकचालक आणि रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी देशभर नियम करण्याची हालचाल सुरू झाली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ती मागेही घेतली गेली. युरोपीय संघाने मात्र २०१४ मध्येच लायसनच्या नियमांत हा आजार घातला. मध्यम किंवा तीव्र आजार आणि सोबत दिवसा झोप येत असेल, तर उपचाराने तो आटोक्यात आहे हे दाखवावं लागतं, आणि ट्रक-बसच्या चालकाची फेरतपासणी जास्तीत जास्त वर्षाने करावी लागते. दाखवा आणि चालवा, अशी ती रीत आहे. आपण आपल्या दहा-वीस गाड्यांपुरती ती उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

कोणाला, काय विचारायचं

पहिली चाळणी स्वस्त आहे. शिंप्याचा टेप, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि आठ प्रश्न. ‘स्टॉप-बँग’ नावाची ही प्रश्नावली टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या गटाने २००८ मध्ये मांडली आणि आज जगभर वापरली जाते. दार लावूनही ऐकू जाईल इतकं मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा, पेंग येते का? झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलं आहे का? रक्तदाब आहे का? वजन-उंचीचा निर्देशांक ३५ च्या वर आहे का? वय पन्नाशीच्या पुढे? मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर? पुरुष आहात का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. दोनपर्यंत धोका कमी, तीन-चारला मध्यम, पाच आणि पुढे जास्त.

आपल्याकडे ती जशीच्या तशी वापरू नये. भारतीय माणूस कमी वजनातही या आजाराला बळी पडतो. आपल्याकडचे डॉक्टर २५ च्या पुढेच स्थूल धरतात. ३५ ची वाट पाहत बसलात तर पोट सुटलेला, आखूड मानेचा, जेमतेम ८० किलोंचा चालक चाळणीतून सुटून जाईल. दुसरी गोष्ट अशी की पुरुष असणं आणि पन्नाशी ओलांडणं हे दोन गुण निम्म्या जुन्या चालकांना बसल्या जागी मिळतात. त्यामुळे नुसत्या बेरजेवर जाऊ नका. मोठं घोरणं, श्वास थांबताना पाहिलेलं असणं आणि दिवसा पेंग, यातले कोणतेही दोन ‘हो’ असतील तर बेरीज काहीही येवो, त्याला पुढच्या तपासणीला पाठवा.

मान मोजताना टेप कंठमण्याच्या जरा खाली, सैल न ठेवता आणि आवळूनही न धरता. शर्टाची कॉलर उघडून. हे माप खोटं बोलत नाही, म्हणून मला ते प्रश्नांपेक्षा अधिक भरवशाचं वाटतं. तसंच डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून पडजीभ दिसते का हे पाहावं. जिभेमागे घसा दिसतच नसेल तर वाट अरुंद आहे. रक्तदाबाच्या तीन-तीन गोळ्या घेऊनही तो खाली येत नसेल, सकाळी डोकं जड होत असेल, तोंड कोरडं पडत असेल, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल, तर हीही खूण समजावी. चालक या तक्रारी साखरेच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

दिवसाच्या झोपेसाठी ‘एपवर्थ’ नावाची वेगळी मोजपट्टी आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये केली. वाचताना, टीव्ही पाहताना, जेवणानंतर निवांत बसल्यावर, अशा आठ प्रसंगांत डोळा लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांत सांगायची. दहाच्या वर गुण गेले तर झोप जास्त आहे. यातला एक प्रसंग रहदारीत गाडी काही मिनिटं थांबलेली असतानाचा आहे. मालकाच्या ऑफिसात बसून त्याला तीन गुण देणारा चालक अजून जन्माला यायचा आहे. म्हणून ही विचारणा व्यवस्थापकाने करू नये. डॉक्टर किंवा नर्सने, बंद दाराआड करावी आणि कागद त्यांच्याकडेच राहावा. मालकाकडे फक्त तीनपैकी एक शेरा यावा: गाडी चालवण्यास योग्य, उपचारासह योग्य, किंवा तूर्त थांबवावे. आकडे, वजन, गोळ्या, बाकीचे आजार, यांच्याशी मालकाला काही देणंघेणं नसावं.

खरी माहिती घरून येते. चालकाला सांगा, घरच्यांना विचारून या. ‘आमचे हे झोपेत मध्येच गप्प होतात, मग दचकून श्वास घेतात’ हे एक वाक्य प्रश्नावलीच्या अर्ध्या पानाला भारी आहे. शक्य असेल तर बायकोने, मुलाने रात्री दहा मिनिटं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा, त्याला सांगून, चोरून नव्हे. क्लीनरला मात्र उस्तादाविरुद्ध साक्षीला उभं करू नका. उस्तादानेच त्याला सोबत आणलं तर उत्तम. एसटीच्या मुक्कामी गाडीवर तर वाहकाला सगळं ठाऊक असतं. दोघांचं पटत असेल तर तो हसत हसत सांगतो.

महिला चालक आता बसवरही दिसतात. त्यांच्यात घोरणं कमी आणि थकवा, झोप न लागणं, चिडचिड जास्त, असं चित्र असू शकतं. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो. त्यांना ‘घोरत नाही ना, मग झालं’ म्हणून सोडू नये.

आणि जुनी अपघातांची वही काढा. पुढच्या उभ्या गाडीला मागून धडक, किंवा दुसरं वाहन नसताना रस्ता सोडून खाली उतरणं, ब्रेक मारल्याची खूण नाही, वेळ पहाटे दोन ते सहा किंवा दुपारी दोन ते चार. अशा नोंदी ज्या नावापुढे असतील, त्या चालकाला सगळ्यात आधी बोलवा. शिक्षा म्हणून नको. पहिला नंबर त्याचा, एवढंच.

जागरण की आजार

तपासणीला बसण्याआधी मालकाने स्वतःची लॉगशीट तपासावी. चालकाला चोवीस तासांत सलग सात तास झोपायला मिळत नसेल तर त्याच्या पेंगेचं निदान करायला डॉक्टर कशाला हवा? सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो, असं १९९७ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. डबल ड्युटी लावणारा मालक चालकाच्या तोंडाला दारू तपासायचं यंत्र लावतो, तेव्हा त्याने हा हिशोब आठवावा.

फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो. दोन-तीन दिवस सुट्टीवर घरी असता, पोटभर झोपता, तेव्हा ताजंतवानं वाटतं का? ‘हो’ असेल तर दोष बहुधा ड्युटीच्या वेळापत्रकाचा. ‘तरीही दुपारी पडूनच राहतो’ असं उत्तर आलं तर घशाकडे, श्वासाकडे पाहायला हवं. दोन्ही एकत्रही असतात, आणि चालकांत तर पुष्कळदा असतात. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी, थायरॉइड कमी असल्यानेही झोप येते. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, यांपैकी काहीही झोप हटवत नाही. त्या क्षणी उपयोगी पडतं ते एकच: सुरक्षित जागी गाडी लावून कडक कॉफी किंवा चहा पिणं आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटणं. कॉफी चढायला तेवढाच वेळ लागतो, जागं होता होता ती कामाला लागते. ही तात्पुरती सोय झाली, तिने आजार जात नाही. पण ‘डोळे जड झाले म्हणून थांबलो’ असा चालकाचा फोन आल्यावर ऑफिसातला माणूस ओरडणार असेल, तर ही सोयही हातची जाते.

झोपेची तपासणी

चाळणीत अडकलेल्या चालकाला आजार आहेच असं नाही. ते ठरवते झोपेची तपासणी. दोन प्रकार आहेत. एकात रात्रभर रुग्णालयात झोपायचं. डोक्याला, छातीला, पायाला तारा लावून मेंदूच्या लहरींसह सगळं नोंदलं जातं. दुसऱ्यात लहानसं यंत्र घरी नेता येतं: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. मध्यम-तीव्र आजाराचा दाट संशय असलेल्या आणि दुसरा मोठा हृदयाचा, फुफ्फुसाचा आजार नसलेल्या चालकाला हे पुरतं, आणि स्वस्तही पडतं. त्याची एक खोट माहीत असावी. माणूस प्रत्यक्ष किती वेळ झोपला हे या यंत्राला नीट कळत नाही. तो जागा पडून राहिलेला वेळही भागाकारात येतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी निघू शकतो. म्हणून लक्षणं ठळक असताना घरचा अहवाल निर्मळ आला तर समाधान मानू नका, रुग्णालयातली तपासणी करून घ्या. मनगटी घड्याळ काय म्हणतं यावर तर कोणताच निर्णय घेऊ नये.

दोन गोष्टी चालकांच्या बाबतीत वेगळ्या आहेत. रात्रीची गाडी मारणारा दिवसा झोपतो, त्याची तपासणी त्याच्या नेहमीच्या झोपेच्या वेळीच व्हावी. रात्री बळेच झोपवलं तर जागरणाचा अहवाल हाती येईल. दुसरी जरा नाजूक. पोटावर येणार असेल तर यंत्र धाकट्या भावाच्या छातीलाही बांधलं जातं. अमेरिकेत यासाठी यंत्र कोणी घातलं याची पडताळणी ठेवतात. आपल्याकडे सोपा मार्ग म्हणजे आगाराच्या विश्रांतिगृहात एक शांत खोली ठेवायची आणि तंत्रज्ञानेच यंत्र लावून द्यायचं. पण भिंतीवरच्या त्या कागदावर चालकांचा विश्वास बसला असेल तर भावाला झोपवायची वेळच येत नाही.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत काय? जो स्वतः सांगतो की चालवताना डोळा लागला, थोडक्यात वाचलो, त्याला त्या दिवसापासून स्टेअरिंगवर बसवू नये. शाळेची बस असो की टँकर, इथे घासाघीस नाही. ज्याचे गुण जास्त आहेत पण दिवसा पेंग नाही, अपघात नाही, त्याला डॉक्टरांच्या संमतीने दिवसाची जवळची गाडी देता येते. तपासणी मात्र काही आठवड्यांत उरकावी, पुढच्या दिवाळीवर ढकलू नये. शहरात श्वसनरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. तालुक्याच्या गावात सोय नसेल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्वसनरोग विभागात चौकशी करा. आणि ईएसआय किंवा गट विमा असेल तर तपासणी आणि यंत्र यांतलं काय काय बसतं, हे आधीच लेखी विचारून घ्या.

यंत्र केबिनमध्ये कसं टिकवायचं

मध्यम-तीव्र आजारावरचा मुख्य उपाय सीपॅप. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो जगापुढे आणला. लहान पंपातून हवेचा सौम्य दाब नळी आणि मास्कमार्फत नाकात जातो आणि घशाची वाट रात्रभर उघडी राहते. अनेकांना पहिल्या काही दिवसांतच फरक जाणवतो. वर्षानुवर्षांनी सकाळी डोकं हलकं वाटलं म्हणून माणूस यंत्राच्या प्रेमात पडतो, किंवा मास्कला कंटाळून चौथ्या दिवशी ते पलंगाखाली सरकवतो. यातलं काय होईल ते पहिल्या दोन आठवड्यांत ठरतं, म्हणून त्या दिवसांत चालक घरी किंवा जवळच्या ड्युटीवर असावा आणि यंत्र देणाऱ्याने एक-दोनदा भेटावं.

अडचणी अगदी बारीक असतात आणि त्यावरच उपचार मोडतो. भरघोस मिशीवर मास्क नीट बसत नाही, फुस्स करून हवा सुटते; मिशी काढायला सांगण्याआधी नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क वापरून पाहावा. ट्रकच्या केबिनमधल्या धुळीने फिल्टर घरच्यापेक्षा कितीतरी लवकर भरतो, म्हणून दोन-चार जादा फिल्टर पेटीत हवेत. मास्क रोज साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचा, नाहीतर नाकावर पुरळ येतं आणि ‘मशीन सोसत नाही’ असं निमित्त मिळतं. विजेचा प्रश्न सगळ्यात मोठा. जड ट्रकची बॅटरी बहुधा २४ व्होल्टची, लहान गाड्यांची १२ ची. त्या-त्या यंत्रासाठी कंपनीने दिलेला जोड वापरा, रस्त्यावरच्या दुकानातल्या स्वस्त इन्व्हर्टरवर महागडं यंत्र टांगू नका. हवा दमट करणारं पाण्याचं भांडं बॅटरी फार खातं. केबिनमध्ये ते बंद ठेवलं तर बॅटरी पुरते, आणि ते लावलंच असेल तर गाडी हलवण्याआधी रिकामं करा, म्हणजे पाणी यंत्रात शिरणार नाही. आगाराच्या विश्रांतिगृहात तर एवढंच करायचं आहे की प्रत्येक खाटेशेजारी एक चालू प्लग असावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. त्याने चालतानाचा घाम कमी होईल, पण जुन्या गाड्यांत उन्हाळ्यात मास्क लावून झोपणं हालाचंच राहणार. त्या महिन्यांत मुक्कामाची पंख्याची खोली देण्याचा खर्च मालकाने डोळे मिटून करावा.

यंत्राची किंमत चालकाच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त असू शकते. उचल देऊन हप्त्याने वळती करण्याची आपल्याकडे रीतच आहे, पण पूर्ण बोजा त्याच्यावर टाकलात तर तो यंत्र घेईल आणि वापरणार नाही. माझं मत, निम्म्याहून जास्त मालकाने उचलावं आणि वर्षभर नेमाने वापर झाला की उरलेलं माफ करावं. किती वापरलं हे यंत्रच नोंदवतं. दहापैकी सात रात्री तरी, आणि रात्रीला किमान चार तास, हा अमेरिकेत चालत आलेला किमान निकष आहे. किमान म्हणजे किमान. सात तास झोपणाऱ्याने सातही तास लावावं.

सौम्य आजारात किंवा मास्क अजिबात न सोसणाऱ्यांसाठी खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन असतं. त्याला घट्ट दात आणि नीट उघडणारं तोंड लागतं. गुटख्याने ज्यांच्या तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत, त्यांना हा रस्ता बंद असतो. चालकांत ते किती जण, हे कोणत्याही ट्रक टर्मिनलवर उभं राहून बघावं. पाठीवर झोपण्याऐवजी कुशीवर झोपल्याने काहींना बराच फायदा होतो. झोपण्याआधीची दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, त्या सुटल्याच पाहिजेत. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर श्वास अडण्याची संख्या साधारण पाव हिश्श्याने घटते. मात्र वजन उतरेपर्यंत उपचार थांबवून ठेवायचे नसतात. ‘आधी पोट कमी करतो, मग बघू’ म्हणणारा चालक त्या वर्षभरात लाखभर किलोमीटर चालवून झालेला असतो.

पुढची नोंद साधी ठेवा. उपचार सुरू झाल्यावर महिन्याने यंत्रातली नोंद डॉक्टरांनी पाहायची आणि लाइन परत द्यायची की नाही ते लिहून द्यायचं. मग वर्षातून एकदा पुन्हा. मध्येच लहानशीही धडक झाली, वजन वाढलं किंवा घरून ‘पुन्हा घोरायला लागले’ असा निरोप आला, तर वर्ष पुरं होण्याची वाट पाहायची नाही. ज्यांची चाळणी निर्मळ आली त्यांची मान दर वर्षी मोजायची. नवीन चालक घेताना बॅज आणि लायसन पाहतो त्याच दिवशी हे प्रश्नही विचारावेत, आणि भिंतीवरचा कागद आधी वाचून दाखवावा. जो तपासणीलाच नकार देतो, त्याला एकदा घरच्यांसोबत बोलवा. बहुतेक वेळा बायकोला हे सगळं आधीपासून माहीत असतं आणि पुढचं बोलणं तीच करते. तरीही तो नाहीच म्हणाला, तर रात्रीची आणि प्रवाशांची गाडी त्याला देऊ नये.